पत्र्यामागचं टोक

"मामा, थांबा. थांबा म्हणते ना. अहो, थांबा!"

रूपालीचं तिसरं 'थांबा' तोंडातून निघेपर्यंत शिवाजी मोहित्यांनी सळई दाबून टाकली होती. सरावासाठी आणलेल्या जुन्या निळ्या बॉनेटवर, खळग्याच्या शेजारी, मुगाच्या दाण्याएवढी पुळी टरारून वर आली.

"आलं की वर," शिवाजी म्हणाले.

"खळगा वर यायला हवा होता, मामा. तुम्ही शेजारचा चांगला पत्रा वर आणलात."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

वसईला कामावर असताना कुणी असं केलं असतं तर रूपालीनं सरळ सांगितलं असतं, सळई खाली ठेव आणि घरी जा. पण इथं समोर सासरे होते. त्यांना मामा म्हणायचं, आवाज खाली ठेवायचा, आणि त्यांनी पुळ्या काढल्या की लाकडी खुंटी घेऊन त्या ठोकून ठोकून मुकाट्यानं बसवायच्या. एप्रिलचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापत होतं. बॉनेटला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

मोहिते मूळचे कराडकडचे. तरुणपणी बोईसरच्या एमआयडीसीत कारखान्यात लागायचं म्हणून आले आणि लागले एका गॅरेजात. तिथंच डेंटर झाले. पुढं तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पास्थळच्या पुढं, त्यांनी स्वतःची शेड घातली. शिफ्टच्या बसगाड्या, टेम्पो, रिक्षा, पॉवर स्टेशनच्या कॉलनीतल्या गाड्या, सगळं त्यांच्या हातोडीखालून गेलेलं. आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून ठोकायचं, उरलंसुरलं पुट्टीनं भरायचं, घासायचं आणि वर रंगाचा फवारा. पोचा किती का मोठा असेना, मोहित्यांकडं गेलेली गाडी सरळ होऊन येणार, असं नाव होतं.

मग शेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना आला. डॉक्टर भला माणूस होता. आधी हात जोडून सांगून गेला, की पेशंटच्या तोंडात मशीन असतं आणि इकडं हातोडी पडली की पेशंट खुर्चीतून उडतो. नंतर रंगाच्या वासानं एका बाईंना तिथंच ओकारी झाली. शेवटी जागेच्या मालकाचा निरोप आला: ठोकाठोक कमी करा आणि फवारा पार बंद. डेंटरच्या शेजारी डेंटिस्ट आला म्हणून नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना हसायला मिळालं. मोहित्यांना मात्र काम उरेना. नव्या गाड्यांची माणसं तशीही येईनाशी झाली होती. कंपनीचा रंग जाऊ द्यायचा नाही, असं ज्यानं त्यानं डोक्यात घेतलेलं.

"रंगाला हात न लावता पोचा काढता येतो," एकदा जेवताना रूपाली म्हणाली.

"कसा? फुंकर मारून?" शिवाजी म्हणाले.

तिचा नवरा सुजित हसला. रूपाली हसली नाही. पालघरला आयटीआय करून ती वसईच्या एका वर्कशॉपमध्ये हेच काम करत होती. मुलगी झाली, स्वरा, तेव्हा सोडलं. तिच्या सळया जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर पडल्या होत्या. ती ताटावरून उठली, हात धुतले, गुंडाळी खाली काढली आणि सासऱ्यांपुढं उलगडली. एक सळई टोकाला वाकलेली, एक जिभेसारखी चपटी, एक हातभर लांब आणि बारीक.

"ह्या काय, मच्छरदाणीच्या काठ्या?"

"शिकवते म्हणतेय ती, तर शिका की," सासूबाई, नर्मदाबाई, म्हणाल्या. "घरात बसून माझं डोकं खाण्यापरीस बरं. स्वराला मी बघते."

असं ते सुरू झालं होतं.

काम ऐकायला सोपं. पत्र्याच्या मागच्या बाजूनं सळई घालायची, तिचं टोक बरोबर खळग्याखाली न्यायचं आणि हलकेच दाबायचं. एकदा दाबून भागत नाही. कडेकडून आत येत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा दाबायचं. पत्र्यासमोर एक ट्यूबलाइट लावायची. चांगल्या पत्र्यात तिची रेघ सरळ दिसते, खळग्यावर ती वाकते. रेघ सरळ झाली की काम झालं. अडचण एकच, की सळईचं टोक पत्र्यामागं असतं. हात किंचित हलवला की उजेडात कुठंतरी बारीकसा शहारा येतो, तिथं टोक. तो शहारा दिसला नाही तर माणूस आंधळेपणी दाबतो आणि पुळ्या काढतो.

"बघा हं, मामा. मी मागून हलवते. दिसलं टोक?"

"व्हय."

"कुठं?"

शिवाजींनी बोट ठेवलं.

"मी अजून हलवलंच नाही, मामा."

शिवाजी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. मग पालघरला जाऊन नवा चष्मा आला. पुळ्या तशाच. मग म्हणाले, ट्यूब मिणमिणती आहे. नवी ट्यूब आली, तर दुपारची वीज जाऊ लागली, आणि वीज गेली की सासरा आणि सून बॉनेटच्या दोन बाजूंना बसून घाम पुसत एकमेकांकडं न बघता रस्त्यावरचे टँकर बघत बसायचे. मग दोष सळयांवर गेला. त्या हलक्या आहेत, हाताला काही कळत नाही, म्हणून शिवाजींनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून स्वतःची सळई बनवली. तापवली, ठोकली, पाणी दिलं. देखणी झाली होती. टोक मात्र काट्यासारखं.

"टोक गोल करा, मामा. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. नाहीतर रंग तडकेल."

"टोकदार असलं की नेमकं लागतं."

"नेमकं कुठं लावायचं ते दिसायला नको का?" रूपाली पुटपुटली.

ते त्यांना ऐकू गेलं.

सुजित पॉवर स्टेशनात ठेकेदाराकडं कामाला होता. शिफ्ट संपवून आला की रूपाली त्याच्या मागं लागायची. "तुमच्या वडिलांना सांगा ना जरा. ऐकतच नाहीत."

"तू सांग. तू उस्ताद."

"मी सून आहे. मी कसं सांगू?"

"मग मी कसं सांगू? मला त्यातलं काय कळतं?" आणि तो पंख्याखाली आडवा व्हायचा.

शिवाजींना काय होत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आजवर ते कानांनी काम करत आले होते. हातोडी पडली की पत्रा बोलायचा. आवाज बद्द आला की अजून पोचा आहे, खणखणीत आला की झालं. ह्या कामात आवाजच नव्हता. दाबायचं, आणि शांतता. आपलाच हात आपल्याला परका झाल्यासारखं वाटायचं. त्यात सून दर वेळी 'दिसलं का' विचारणार. नाही म्हणायची लाज वाटायची, म्हणून ते व्हय म्हणायचे.

अशात एका गुरुवारी पालघरजवळच्या माहीमहून हितेश राऊत आला. नारळाच्या वाडीवाला, तिशीचा गडी. गाडी नवीकोरी, डाळिंबी रंगाची, अजून सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. बॉनेटवर मधोमध वाटीएवढा खळगा.

"नारळ पडला, काका," तो म्हणाला. "आमच्याच वाडीतला, आमच्याच गाडीवर. बोलनार कोनाला? रविवारी मामाच्या पोरीची हळद हाय. शोरूमवाला बोलतो पूरा बॉनेट रंगवायला लागंल. मला तसं नाय पायजे. तुमी बिगर रंगाचं करता असं ऐकलं, म्हनून आलो."

रूपालीनं ट्यूब लावली आणि वाकून पाहिलं. रंग कुठं तडकला नव्हता. पण खळग्याची एक कड बॉनेटच्या आतल्या पोलादी चौकटीवर येत होती. तिथं सळई शिरायला वाव कमी. घाई केली तर काम बिघडणार. परवापर्यंत वेळ लागेल, असं सांगायला ती सरळ उभी राहिली.

"सांजच्याला घेऊन जा," शिवाजी म्हणाले.

रूपालीनं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी हितेशला खुर्ची दिली.

ती कामाला लागली. शिवाजी ट्यूब धरून उभे. हितेश खुर्चीवर बसून मोबाइलवर हळदीच्या बँडवाल्याशी भांडत होता आणि अधूनमधून उठून बघून जात होता. जेवणवेळ होऊन गेली तरी खळगा जरासाच उथळ झाला होता.

"ताई, हे तर तसंच हाय."

"कड आधी सैल करावी लागते, दादा. मधला भाग शेवटी."

"पन काका तर बोलले सांजपर्यंत..."

"होतंय, होतंय," शिवाजी म्हणाले. "ती जरा जपून करती. बघा आता."

त्यांनी ट्यूब भिंतीला टेकवली, स्वतःची ती सळई उचलली, चौकटीच्या दुसऱ्या भोकातून घातली आणि रूपाली 'मामा' म्हणेपर्यंत दाबली. डाळिंबी रंगावर तांदळाच्या कणीएवढी, टोकदार पुळी उभी राहिली. खळगा हलला नाही म्हणून त्यांनी खांदा लावला.

"हात काढा!" रूपाली ओरडली. "काढा म्हणते ना हात! इतके दिवस घसा कोरडा करतेय, कळत नाही का तुम्हाला? लोकांची गाडी आहे ती!"

शेजारच्या दवाखान्यातलं मशीनसुद्धा थांबलं.

शिवाजींनी सळई बाहेर काढली, जपून खाली ठेवली. खिळ्यावरचा शर्ट घेतला, अंगात घालत रस्त्यावर गेले आणि पहिल्या मिळेल त्या रिक्षात बसले.

हितेशला कुठं बघावं कळेना. "ताई, मी चाय पिऊन येतो," तो म्हणाला.

"शनिवारी या, दादा. गाडी राहू दे. शनिवारी नक्की देते." तो गेल्यावर ती गाडीच्या बंपरला टेकून खाली बसली. रडू आलं, ते जास्त करून ह्या गोष्टीचं, की आपण बोललो ते चूक नव्हतं आणि तरी घरी जाऊन माफी मागावी लागणार.

घरी शिवाजी दाराशी बसले होते. नर्मदाबाई मेथी निवडत होत्या. काय झालं ते त्यांनी थोडं थोडं करून काढून घेतलं होतं.

"माणसांदेखत ओरडली माझ्यावर. सून."

"पण रंग तडकला असता का न्हाई?"

शिवाजींनी समोरची मेथीची एक काडी उचलून मोडली.

"मी विचारतेय, तडकला असता का?"

"तडकला असता."

"मग?"

"मग काय मग? बोलायची काय रीत हाय का न्हाई?"

"तुमचा गॅरेजातला उस्ताद हातोडीच्या दांड्यानं बोटं फोडायचा, हे तुम्हीच सांगता ना कौतुकानं सगळ्यांना?"

"तो काय माझी सून न्हवता."

"मग ह्या पोरीनं तरी काय फोडलं तुमचं?" नर्मदाबाईंनी काड्या एका बाजूला सारल्या. "मी सांगू? तुमाला जमंना झालंय, आणि तिनं ते बघितलं. त्याचा राग हाय."

शिवाजी उठून आत गेले. रूपाली आली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिनं उंबऱ्यात उभं राहून दोनदा घसा खाकरला आणि स्वयंपाकाला लागली.

सकाळी ती शेडवर पोचली तर शटर उघडं होतं. शिवाजी स्टुलावर बसून आपल्या सळईचं टोक पॉलिश पेपरनं घासत होते. टोक गोल झालं होतं, तरी घासत होते.

"मामा, काल माझं चुकलं."

"काय चुकलं?" ते वर न बघता म्हणाले.

रूपालीनं विचार केला. "बोलणं मोठ्यानं झालं. म्हणणं बरोबर होतं."

"हं." त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. "घरी सून हायस. हितं पत्र्यापाशी न्हाईस. चुकलं की बोल. फक्त माणसांदेखत जरा बारीक आवाजात."

"बारीक आवाजात तुम्हाला ऐकू येत नाही."

"तेबी खरंय."

दोघांनी मिळून आधी ती पुळी घेतली. रूपाली म्हणाली, तुम्हीच बसवा, आणि शिवाजींनी, आयुष्यभर ट्रकचे दरवाजे सरळ केलेल्या माणसानं, खुंटीवर इतक्या भीत भीत छोटी हातोडी टेकवली की पुळी बसायला चहा थंड होईपर्यंत वेळ गेला. पण बसली.

मग रूपालीनं मागून सळई घातली. "आता हलवते. दिसलं टोक?"

शिवाजी वाकून बघत राहिले. बराच वेळ.

"न्हाई," ते म्हणाले.

तिनं पुन्हा हलवली. "आता?"

"न्हाई. आणि खरं सांगू का, आजपातुर कधीच दिसलं न्हाई. तू म्हणतीस टोक बघ. टोक तर पत्र्यामागं हाय. मी बघू काय?"

रूपाली हातातली सळई तशीच धरून थांबली. वसईत तिला शिकवणारा माणूस 'टोक बघ' असंच म्हणायचा. तिला ते कसं कुणास ठाऊक कळलं होतं, आणि तेच ती इतके दिवस सासऱ्यांच्या कानीकपाळी ओरडत होती. ते 'व्हय' म्हणत गेले, म्हणून कुठं अडतंय ते तिला उमगलंच नव्हतं. तिला त्यांचा राग आला आणि त्याच दमात स्वतःचाही.

"मामा, टोक राहू दे. पत्राही बघू नका. पत्र्यात ट्यूबची रेघ दिसतेय ना? फक्त ती बघा. ती कुठं दचकते, तेवढंच सांगा."

शिवाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. रूपालीनं मागून अगदी जरासा जोर दिला.

"आं!" ते म्हणाले. "हितं. हितं हालली. परत हालव." तिनं जागा बदलली. "हितं! आता खाली गेलीस. आता थांबलीस. आगं, मासोळी पाण्याखालून सरकल्यावानी दिसतंय की!"

"तेच सांगतेय मी कधीपासून!"

"कुठं सांगत होतीस? टोक बघ, टोक बघ..."

भांडत भांडतच त्यांनी जागा बदलल्या. शिवाजी दाबायचे, रूपाली ट्यूब धरायची. मध्ये दोनदा वीज गेली. शिवाजींच्या हातून आणखी काही पुळ्या आल्या, त्या त्यांनीच बसवल्या. चौकटीजवळची कड रूपालीनं स्वतः केली. दुसऱ्या दिवशी दुपारी हितेश आला तेव्हा बॉनेट असं दिसत होतं, की त्यानं खळगा कुठं होता ते आठवायला फोनमधला फोटो काढला.

"बस की! नंबर एक!" तो म्हणाला. "चावी द्या."

"थांबा," शिवाजी म्हणाले. "अजून हाय."

"कुठं हाय?"

"हितं. रेघ बघा, जराशी लचकती हाय."

हितेशनं वाकून पाहिलं. बसून पाहिलं. "काका, मला कायपन दिसत नाय."

"टोक बघू नका. रेघ बघा."

"कसली रेघ? मला हळदीला हार आनायचेत, गाडी धुवायचीय, आत्या केळव्याला थांबलीय!"

"बसा, होतंय."

हितेश बसला, उठला, शेडच्या बाहेर जाऊन आला. शिवाजी बॉनेटवर नाक टेकवून सळई फिरवत होते. दवाखान्यातले डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये येऊन बघून गेले आणि त्यांनाही काही दिसलं नाही. शेवटी हितेश रूपालीच्या जवळ येऊन कळवळून म्हणाला, "ताई, तुमी तरी बोला ना यांना. हळदीत माज्या बॉनेटवर ट्यूबलाइट घेऊन कोन येनार हाय?"

"मामा," रूपाली म्हणाली, "द्या आता गाडी."

"अजून..."

"मामा!"

हितेशनं चावी जवळजवळ हिसकावूनच घेतली. घाईत गाडी आधी परनाळीकडं, म्हणजे उलट्याच दिशेला निघाली; शिवाजी बघत राहिले. मग ती वळून परत पालघरच्या बाजूला धावत गेली.

"राहिलं ना गं जरासं?" ते म्हणाले.

"राहिलं."

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही गाडी सोडली असती का?"

शिवाजी सळया पुसायला लागले. एक पुसून झाल्यावर म्हणाले, "सोमवारी फोन लाव त्याला. आण म्हणावं परत."

रूपालीनं सोमवारी खरंच फोन लावला. हितेश आधी हसला आणि मग स्पष्ट नाही म्हणाला. त्या बॉनेटला आता कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं. पण त्याच आठवड्यात त्यानं आपल्या चुलतभावाची गाडी पाठवली, मागच्या दारावर पोचा असलेली. ती आली तेव्हा शिवाजी स्टूल ओढून दाराजवळ बसलेसुद्धा होते.

"हे मी करणार," ते म्हणाले.

"दारात काच असते, मामा. सळई घालायच्या आधी काचेला पाचर लावावी लागते. ती मी दाखवते, मग तुम्ही..."

"ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक आहे? तुम्ही कधी केलंय दार?"

"ओरडू नको. पलीकडं पेशंट हायत."

"मी ओरडत नाहीये!" रूपाली ओरडली, आणि पाचर आणायला आत गेली.